कुठली बुलेट?

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन नुसतं ‘बुलेटच्या क्लच प्लेटा द्या’ म्हटलं, तर काउंटरमागचा माणूस जागचा हलत नाही. तो विचारतो, ‘कुठली बुलेट?’ पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हा प्रश्नच कळला नव्हता. बुलेट म्हणजे बुलेट. काळी, जड, टाकीवर सोनेरी रेघा, हेडलाइटच्या डोक्यावर दोन बारके दिवे. ‘काकांची आहे, चौऱ्याऐंशीची,’ मी आपलं सांगितलं. ‘मग कास्ट. उजवा गिअर, चार स्पीड, पॉइंटवाली,’ तो स्वतःशीच म्हणाला आणि शिडी लावून माळ्यावर चढला.

मी फक्त साल सांगितलं होतं. त्यानं त्यातून गाडीची जातकुळी काढली. त्याच्या माळ्यावर बुलेटच्या क्लच प्लेटा एका प्रकारच्या नव्हत्या, आणि एका प्रकारच्या दुसरीला बसत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला १९६५ची आणि २००५ची बुलेट शेजारी उभी करून दाखवली, तर थोरली कोणती हे चटकन सांगता यायचं नाही. दुकानदाराला मात्र त्या फसवू शकत नाहीत.

ताकदीच्या आकड्यांवरून तर काहीच कळत नाही. १९४९च्या ३५० सीसी बुलेटची ताकद होती १८ हॉर्सपॉवर. २०२३मध्ये आलेल्या नव्या बुलेट ३५०ची आहे २०.२. चौऱ्याहत्तर वर्षांत जेमतेम दोन हॉर्सपॉवरची भर, आणि वजन मात्र सुमारे ३० किलोनं वाढलेलं. दुसऱ्या कुठल्या गाडीची अशी प्रगती कोणी सांगितली असती तर आपण हसलो असतो. पण बुलेटमध्ये काय बदललं हे ताकदीत शोधायचंच नसतं. ते चालवणाऱ्याच्या आणि मेस्त्रीच्या हातात शोधावं लागतं. जुन्या बुलेटनं माणसाला बरीच कामं लावून दिली होती. दर बदलात गाडीनं त्यातलं एखादं काम स्वतःकडं घेतलं.

*

बुलेट हे नाव १९३२चं. इंग्लंडमध्ये रेडिच नावाचं गाव आहे, शिवणकामाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डची पूर्वज कंपनीही सुयाच करायची. पुढं सायकली आल्या, एनफिल्ड इथल्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम आलं, त्यावरून नाव आलं आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे ब्रीदही. बंदुकीपाठोपाठ गोळी यायचीच. १९३२च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडलेल्या बुलेट तीन होत्या, २५०, ३५० आणि ५०० सीसीच्या. तिन्हींचा सिलिंडर पुढं झुकलेला, आणि मागचं चाक चौकटीला थेट जखडलेलं. खड्डा आला की तो थेट पाठीच्या कण्यात. त्या गाडीचा आणि आपल्या बुलेटचा संबंध एका आडनावापुरता.

आपली बुलेट १९४९ची. सिलिंडर सरळ उभा. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची वर-खाली धाव ९० मिलिमीटर, म्हणून ३४६ सीसी. हे ७० आणि ९० लक्षात ठेवावेत, कारण हे दोन आकडे पुढं साठ-सत्तर वर्षं कोणी हलवले नाहीत. पुढं टेलिस्कोपिक फोर्क, आणि मागं स्विंग आर्म. म्हणजे मागचं चाक एका बिजागरीच्या दांडीवर, आणि दांडी तेलाच्या शॉकॲब्सॉर्बरवर. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत ही चैनीची आणि थोडी संशयाची गोष्ट होती. मागचं चाक असं मोकळं सोडलं तर वळणावर गाडी हातात राहील का, अशी शंका जाणकारच घ्यायचे. कंपनीनं त्याला कागदावर उत्तर दिलं नाही. बाजारात आणायच्या आधीच, १९४८मध्ये, नमुन्याच्या गाड्या चिखल-दगडांच्या शर्यतींत उतरवल्या. त्याच वर्षी इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्रिटनच्या विजयी संघात बुलेटी होत्या.

आता त्या ९० मिलिमीटरच्या धावेबद्दल. पिस्टनची धाव व्यासापेक्षा लांब असली की क्रँकला लांब हात मिळतो. इंजिन फार वेगानं फिरू शकत नाही, पण हळू फिरतानाही जोर देतं. त्यात बुलेटच्या क्रँकला जड लोखंडी फ्लायव्हील आहेत. जात्याची वरची पाळी जड असली की एकदा फिरवल्यावर ती पुढचा अर्धा वेढा स्वतःच घेते, तसंच हे. म्हणून बुलेट अगदी मंद गतीलाही बंद पडत नाही. समजा इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ४००, सेकंदाला साडेसहाच्या आसपास. एवढ्या हळू पडणारे ठोके कानाला वेगवेगळे ऐकू येतात. ज्या आवाजावर लोक जीव टाकतात तो डुगडुग आवाज म्हणजे दुसरं काही नाही, एक मोठं भांडं सावकाश फुटतंय आणि आपल्याला ते मोजता येतंय. अशाच ठोक्यांमुळं आपल्याकडं अवघ्या मोटरसायकल जातीला फटफटी हे नाव पडलं.

या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना बीड म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी कास्ट आयर्न. गॅरेजमधली ‘कास्ट’ बुलेट ती हीच. वरचं हेड मात्र पहिल्यापासून ॲल्युमिनियमचं. इंजिनाच्या पाठीला गिअरबॉक्स वेगळा आणून बोल्टनं आवळलेला. डावीकडं दोघांना जोडणारी दुपदरी चेन, आणि तिच्यावरचं मोठं गोलसर झाकण मधल्या एकाच नटानं धरलेलं. म्हणजे एका गाडीत तेलाची तीन घरं, इंजिनाचं वेगळं, चेनकव्हरचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि तिन्हींत वंगणही वेगवेगळं. त्या एका नटावर धरलेल्या झाकणाच्या कडेनं तेल पाझरू नये हे शास्त्रापेक्षा हाताच्या गुणावर जास्त अवलंबून. कास्ट बुलेट जिथं उभी राहते तिथं जमिनीवर सही करते, हा विनोद पार इंग्लंडपासून चालत आला आहे.

*

भारतात ती आली लष्करामुळं. सरहद्दीवर गस्तीला दणकट मोटरसायकल हवी होती, आणि मद्रास मोटर्स ही कंपनी इंग्लिश गाड्या आयात करतच होती. १९५५मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभारला. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथं जोडले जायचे. पहिल्या वर्षी, १९५६मध्ये, १६३ गाड्या जोडून झाल्या. पुढच्या वर्षी साचे आणि हत्यारंही इकडं आली. १९६२पर्यंत सगळी गाडी इथं घडू लागली.

इथं एक गमतीशीर फाटा फुटतो. इंग्लंडमधली बुलेट बदलत राहिली. तिला नवी चौकट मिळाली. १९६०च्या दशकात रेडिचनं बुलेटचं नाव एका अगदी वेगळ्या गाडीला लावून पाहिलं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या. ती फार टिकली नाही. १९७०मध्ये कंपनीचं उत्पादनच थांबलं. मद्रासला मात्र १९५५चे साचे होते, आणि त्यांतून १९५५चीच गाडी निघत राहिली. घराणं संपलं आणि सासरी गेलेल्या लेकीकडं माहेरची चाल तेवढी उरली, असं झालं. १९७७मध्ये तीच गाडी मद्रासहून इंग्लंडला निर्यात होऊ लागली.

तीस वर्षं ती बदलली का नाही, यावर बुलेटवेडे लोक परंपरेच्या गोष्टी सांगतात. मला ते फारसं पटत नाही. परवान्यांचा जमाना होता. मोटरसायकली मोजक्या, मागणी जास्त, गाडीसाठी नंबर लावावा लागे. लष्कराला आणि पोलिसांना कालचीच गाडी उद्याही हवी होती, म्हणजे कालचेच पार्ट उद्या बसले असते. नवं काही करण्याची सक्ती कोणाचीच नव्हती. पेट्रोलही हलकं मिळायचं, आणि या इंजिनाचं कॉम्प्रेशन होतं ६.५ला १, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण साडेसहापट दाबायचं आणि मग पेटवायचं. एवढ्या हलक्या दाबाला हलकं पेट्रोल चालून जातं. गाडी देशाला बसली होती, किंवा देश गाडीला.

या सगळ्यात जे घडलं ते गाडीत नव्हतं, माणसांत होतं. गाडी बदलत नाही म्हटल्यावर माणसं तिच्या सवयी शिकली.

*

काकांनी मला बुलेट सुरू करायला शिकवली ते आधी काटा बघायला शिकवून. हेडलाइटच्या कवचावर अँपिअर मीटर असतो, मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. चावी फिरवली. काका म्हणाले, ‘आता किक मारू नको. नुसती दाब, सावकाश. काटा बघ.’ किक थोडी खाली गेली, काटा उण्याकडं कलला. अजून दाबली, पायाखाली एकदम कठीण लागलं, आणि त्याच क्षणी काटा टपकन मध्ये आला. ‘थांब. आता डिकॉम्प्रेशन ओढ.’ हँडलच्या डाव्या मुठीपाशी एक बारकी पट्टी होती, ती ओढली. फुस्स झालं आणि किक बोटभर पुढं सरकली. पट्टी सोडली, किक वर येऊ दिली. ‘हं, आता घाल.’ एका पायात गाडी सुरू.

कित्येक वर्षं मी हे मंत्र-तंत्रासारखं करत होतो. त्यामागं साधं वीजशास्त्र आहे. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचा वीजप्रवाह दोन छोट्या धातूच्या टोकांमधून जातो, ते पॉइंट. टोकं टेकलेली असतात तेव्हा कॉइल बॅटरी खाते, म्हणून काटा उण्यात. टोकं विलग झाली की प्रवाह तुटतो, काटा शून्यावर, आणि प्रवाह तुटतो त्याच क्षणी ठिणगी पडते. म्हणजे काटा मध्ये आला याचा अर्थ पिस्टन वर पोचत आला आणि ठिणगीची वेळ झाली. शिवाय पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो, त्यामुळं काटा मध्ये येतो तो दाबाच्या फेरीतच, धूर बाहेर टाकण्याच्या फेरीत नाही. पिस्टन इंजिनाच्या पोटात कुठं आहे, हे काचेखालचा एक काटा बाहेरून सांगत होता. डिकॉम्प्रेशन म्हणजे हेडमधला एक चिमुकला व्हॉल्व्ह, दाबलेली हवा सोडून देणारा. पिस्टन माथ्याच्या जरासा पलीकडं नेऊन ठेवायचा, म्हणजे पुढच्या किकेला फ्लायव्हीलला जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळी धाव मिळते आणि दाबाचा डोंगर तिच्या जोरावर चढला जातो. हे न करता कोणी अर्धवट किक मारली, तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आत पडते, इंजिन उलटं फिरतं आणि किकचा दांडा नडगीवर येतो. बुलेटवाल्यांच्या उजव्या नडगीवरच्या खुणा बऱ्याचदा तिथल्याच.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. दोन गिअरच्या मध्ये न्यूट्रल सापडवणं हे कसबाचं काम, म्हणून गिअरबॉक्सवर आणखी एक छोटा लिव्हर दिलेला. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये सिग्नलला आलात की क्लच दाबून टाचेनं तो लिव्हर दाबायचा, गाडी थेट न्यूट्रलला. मला हा लिव्हर यंत्रशास्त्रातला फार प्रामाणिक तुकडा वाटतो. न्यूट्रल लवकर सापडत नाही हे करणाऱ्यालाच ठाऊक होतं, आणि गिअरबॉक्स नव्यानं बांधण्याऐवजी त्यानं शेजारी एक पळवाट ठेवून दिली.

आणि टॅपेट. ते मी आमच्या मेस्त्रींच्या गाळ्यात पाहिलं. सकाळी, इंजिन रात्रभर गार झालेलं. उजवीकडं, सिलिंडरच्या पायथ्याशी, एक छोटं झाकण. ते काढलं की आत दोन उभ्या काठ्या दिसतात, पुशरॉड. खालचा कॅम त्यांना वर ढकलतो, त्या वरच्या रॉकरला ढकलतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. मेस्त्री पिस्टन माथ्यावर आणतात, बारके पाने घेऊन काठीच्या पायथ्याचा नट सैल करतात, आणि मग अंगठा नि पहिलं बोट यांच्यात काठी धरून ती गरगर फिरवतात, अत्तराची कुपी फिरवावी तशी. फिरली पाहिजे, पण वर-खाली तसूभर हलता कामा नये. फट शून्य, दाबही शून्य. फीलर गेज त्यांच्या खणात होतं, पण ते या कामाला कधी बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. ‘हे बोटाला कळतं,’ ते म्हणायचे. काठी अडकली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. हलली तर टकटक वाजते.

काटा, टाच, बोट. त्या जमान्यातली बुलेट या तिघांच्या भरवशावर चालत होती.

*

१९८०च्या दशकाच्या मध्याला जपानी भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या आल्या आणि खेळ बदलला. त्या अर्ध्या पेट्रोलमध्ये पळायच्या, कोणालाही सुरू व्हायच्या, आणि त्यांचा गिअर डाव्या पायाला होता. एक पूर्ण पिढी डाव्या गिअरवर शिकली. तिच्यापैकी कोणी बुलेटवर बसला की घाईच्या वेळी ब्रेक म्हणून गिअर दाबणार, हे ठरलेलं.

एनफिल्डची पहिली उत्तरं बाहेरबाहेरची होती. ६ व्होल्टची वीज १२ व्होल्टची झाली, पुढच्या ड्रम ब्रेकचे दोन्ही लायनर सारख्याच जोरानं दाबू लागले. १९८९मध्ये ५०० सीसीची बुलेट आली, मुख्यतः निर्यातीसाठी. तिच्यातही धाव ९०च, फक्त व्यास ७०चा ८४ केलेला. खालचा मजला तोच ठेवून वरची खोली रुंद केली.

१९९३ची डिझेल बुलेट ही या कहाणीतली सर्वांत विचित्र सोयरीक. टॉरस तिचं नाव. चौकट बुलेटची आणि इंजिन ग्रीव्हज लोंबार्डिनीचं, ३२५ सीसी, अवघी साडेसहा हॉर्सपॉवर. हे इंजिन मुळात शेतावरच्या, जनरेटरच्या कामाचं. सायलेन्सरमधून काळा धूर, आणि हँडल असं थरथरायचं की आरशात मागचं काहीच दिसू नये. पण लिटरमागं अंतर एवढं पडायचं की दूधवाल्यांनी आणि फिरत्या विक्रेत्यांनी ती खुशीनं घेतली. सौराष्ट्रातले छकडे पाहिले असतील तर त्यांचं तोंड बुलेटचं आणि पोटात डिझेल इंजिन असतं. तेही याच घराण्यातले, जरा लांबचे.

१९९४मध्ये आयशर समूहानं एनफिल्ड ताब्यात घेतली, आणि मग मात्र इंजिनाच्या आत हात घातला गेला. त्यासाठी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातली एव्हीएल ही इंजिन रचणारी कंपनी बोलावली. शतकाच्या वळणावर माचिस्मो या मॉडेलमध्ये त्यांचं इंजिन आलं. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळू नये इतपत तेच, पण सिलिंडर बिडाऐवजी ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे तिप्पट वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणून इंजिन थंड राहतं आणि जास्त दाब सोसतं. दुसरी गोष्ट ‘लीन बर्न’. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. त्याहून जास्त हवा दिली तर पेट्रोल वाचतं, पण पातळ मिश्रण आळशीपणानं पेटतं. ते नीट जळावं म्हणून आत येणाऱ्या हवेला भोवरा द्यावा लागतो, आणि त्यासाठी हेडच्या आतला आकार नव्यानं कोरावा लागतो. मायलेज वाढलं, तेलाचे डाग कमी झाले. जुन्या मंडळींनी एकच तक्रार केली, ‘आवाज गेला.’ तो गेलाच होता, थोडा. बीड आवाज गिळतं तसं ॲल्युमिनियम गिळत नाही, आणि पेटण्याची तऱ्हाही बदलली होती.

कंपनीच्याच २००२च्या थंडरबर्ड या मॉडेलबरोबर पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स आणि डाव्या पायाचा गिअर आला, मग तो हळूहळू बुलेटच्या बाकी भावंडांत शिरला. टाचेचा न्यूट्रल लिव्हर त्यात नव्हता. त्याची गरज उरली नव्हती. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, आणि काट्याचं मुख्य काम गेलं. काही वर्षं असा प्रकार होता की एकाच वेळी शोरूममध्ये बिडाची चार गिअरवाली उजवी बुलेट, बिडाचीच डावी, आणि ॲल्युमिनियमची पाच गिअरवाली, अशा तीन पिढ्या शेजारी उभ्या. नाना पेठेतल्या त्या दुकानदाराच्या माळ्यावरची गर्दी बहुतेक याच दहा वर्षांची.

*

खरं सीमोल्लंघन झालं २००८मध्ये. यूसीई, म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच कवचात. रेडिचनं जे १९६०च्या दशकात करून पाहिलं आणि सोडलं, ते चेन्नईत पंचेचाळीस वर्षांनी जमलं. तेलाची तीन घरं मोडून एक झालं. बिडाच्या सिलिंडरची बुलेट प्रदूषणाच्या नियमांपुढं टिकणार नव्हतीच, २०१०-११च्या सुमारास ती बंद झाली.

यूसीईमध्ये पुशरॉड अजून होते, ७० आणि ९० अजून होते. पण काठीच्या पायथ्याला आता नटाऐवजी हायड्रॉलिक टॅपेट होता. तो म्हणजे एक छोटी डबी, आत स्प्रिंग आणि इंजिनाचं तेल. फट पडली की डबीत तेल शिरतं आणि फट भरून काढतं. व्हॉल्व्ह ढकलायची वेळ आली की तेल आतच कोंडलं जातं, आणि कोंडलेलं तेल दबत नाही, म्हणून डबी लोखंडी ठोकळ्यासारखी वागते. दर वेळी, दर फेरीला, शून्य फट. मेस्त्रींच्या अंगठ्यानं आणि बोटानं दोन-तीन महिन्यांनी एकदा व्हायचं ते काम आता तेल मिनिटाला हजारदा करत होतं. आमचे मेस्त्री पहिली यूसीई गाळ्यात आली तेव्हा उजव्या बाजूला वाकून झाकण शोधत होते. झाकण नव्हतं. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, ‘म्हणजे आता आपण फक्त ऑइल बदलायचं?’ त्यात राग नव्हता, चौकशी होती.

पेट्रोल इंजेक्शन आधी परदेशी गेलेल्या ५०० सीसीच्या क्लासिकला मिळालं, कारण युरोपचे नियम आधी कडक झाले. बुलेट ३५०चा कार्बोरेटर मात्र २०२०पर्यंत टिकला. कार्बोरेटरला उंची कळत नाही. लडाखच्या खिंडीत हवा विरळ होते, तो मात्र सपाटीवरच्या हिशेबानंच पेट्रोल ओततो, म्हणून गाडी धापा टाकते आणि प्लग काळा पडतो. जुने लोक बरोबर पेट्रोल सोडणारं लहान जेट घेऊन जायचे आणि वाटेत बदलायचे. इंजेक्शनमध्ये धुराच्या वाटेवर प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो, त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बुलेटमधून कार्बोरेटर गेला. त्याच्या एक वर्ष आधी, सक्तीमुळं, बुलेटला एबीएस आलं होतं. ब्रेक एकाएकी दाबला तर चाक घसरू नये म्हणून पूर्वी बोटं अंदाजानं सैल करायची. तेही काम गेलं.

आणि मग सप्टेंबर २०२३ची बुलेट. इंजिन त्याआधी तीन वर्षं कंपनीच्याच मीटिऑर या मॉडेलमध्ये येऊन बसलेलं, जे-सिरीज नावाचं. इथं ते दोन आकडे अखेर हलले, व्यास ७२, धाव ८५.८, एकूण ३४९ सीसी. पुशरॉड गेले. कॅम वर हेडमध्ये जाऊन बसला, आणि त्याला खालून एक साखळी फिरवते. पण चालवताना जो फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो तो बॅलन्सर शाफ्टचा.

एकच पिस्टन वर-खाली धावतो तेव्हा इंजिन दर फेरीला उसळी मारतं. ती मारायला क्रँकवर उलट्या बाजूला वजन ठेवतात. कावडीच्या एका टोकाला घागर असली की दुसऱ्या टोकाला काहीतरी टांगावंच लागतं, तसं. पण पिस्टन सरळ रेषेत धावतो आणि क्रँकवरचं वजन गोल फिरतं. त्यामुळं वर-खालची उसळी पूर्ण मारायला गेलं तर तीच पुढं-मागं होऊ लागते. म्हणून जुन्या इंजिनात तडजोड, निम्म्याच्या आसपास मारायची आणि उरलेली चालवणाऱ्याच्या तळहातांना वाटून द्यायची. बॅलन्सर म्हणजे क्रँकच्या शेजारी, त्याच गतीनं पण उलट दिशेनं फिरणारं दुसरं वजन. दोघं मिळून एकमेकांचं पुढं-मागं खोडतात आणि वर-खाली जोडतात, म्हणून पिस्टनची उसळी जवळजवळ विरते. जुन्या बुलेटवर ऐंशीच्या वेगानं तास-दोन तास गेलं की चहाचा कप धरताना बोटांना मुंग्या यायच्या. नव्या गाडीवर तो चहा साधा चहा होतो.

किक नाही. डिकॉम्प्रेशन तर कधीचंच नाही. हेडलाइटच्या डोक्यावरचे १९५४पासूनचे दोन बारके दिवे आहेत, टाकीवरच्या सोनेरी रेघा अजून माणूसच हातानं ओढतो, आणि जिथं काटा असायचा तिथं काही नाही.

*

गेल्या दिवाळीत पुतण्यानं नवी बुलेट घेतली, आणि महिन्याभरात पार्किंगच्या खांबाला घासून क्लचचा लिव्हर वाकवला. मी त्याला घेऊन नाना पेठेत गेलो. काउंटरमागं आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. मी जुन्या सवयीनं सगळं सांगायला तयार होतो, बिडाची का ॲल्युमिनियमची, गिअर कुठल्या पायाला, किती स्पीड.

त्यानं काहीच विचारलं नाही. पुतण्याच्या हातातल्या मोबाइलकडं बोट केलं आणि म्हणाला, ‘आरसीचा फोटो आहे का? चासी नंबर दाखव.’